उंचीची हद्द कोणासाठीं ?

मुंबईहून कल्याणाकडे येणारी लोकलगाडी पारसिकचा डोंगर मागें टाकून दिव्याच्या पुढें आली, कीं रुळांच्या दोन्ही बाजूंस दोन प्रकारचीं उंच घरें दिसूं लागतात. एक प्रकार दूरचा. तीस-तीस, चाळीस-चाळीस मजल्यांचे कांचेचे टॉवर, दारांत पहारेकरी, आंत पोहण्याचा तलाव. दुसरा प्रकार रुळांच्या जवळचा. सहा-सात मजल्यांच्या इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या, कीं एका खिडकींतून हात बाहेर काढला तर शेजारच्या घराची कडी वाजवितां यावी. पहिल्या घरानें उंच होण्यासाठीं सरकारांत पैसे भरले. दुसऱ्यानें ते दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशांत घातले. बांधकामाचा नियम मात्र दोघांनाही एकच आहे, असें आम्हांस सांगण्यांत येतें. तो नियम खरोखरच एक आहे काय, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

नियमांची भाषा आमच्या लोकांस कळूं नये अशीच लिहिलेली असते. म्हणून ती आधीं उलगडून सांगतों. 2 डिसेंबर 2020 रोजीं महाराष्ट्र सरकारनें मुंबई शहर व कांहीं थोडीं क्षेत्रें वगळून बहुतेक साऱ्या राज्यासाठीं एकच बांधकामाची नियमावली मंजूर केली. तिचें नांव एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. नांवांत नियंत्रण आधीं आणि प्रोत्साहन मागून आहे. ठाण्यांत आणि कल्याण-डोंबिवलींत हिंडून पाहिल्यास क्रम उलटा दिसतो. लहान नगरपालिकांच्या हद्दींत ह्या नियमावलीनें इमारतीच्या उंचीला मीटरांचा आंकडा घातला आहे. मुंबई महानगर प्रदेशांतील महानगरपालिकांस मात्र असा आंकडा नाहीं. येथें अग्निशमन खातें मान्यता देईल तितकी उंची. म्हणजे उंचीची हद्द आतां कागदावर लिहिलेली नसून एका खात्याच्या शिक्क्यांत आहे.

दुसरी हद्द चटईची. जमिनीच्या किती पट बांधकाम करावें, ह्या मापास सरकारी भाषेंत चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात आणि लोक एफएसआय म्हणतात. चटई ही गरिबाची अंथरण्याची वस्तु. तिचें नांव ज्या नियमास दिलें त्यांत गरिबाची चटई कोठें बसते तें पाहा. दाट वस्तीबाहेरील जमिनीस मूळ हक्क 1.10 इतकाच आहे. दारापुढचा रस्ता 9 मीटरपेक्षां अरुंद असेल तर तेथेंच थांबावें. रस्ता 9 ते 12 मीटरांचा असेल तर 2.00 पर्यंत जातां येतें, आणि 30 मीटर वा त्याहून रुंद असेल तर 3.00 पर्यंत. मूळ हक्कावरचा हा सारा भाग सरकारांत प्रीमियम भरून अगर दुसऱ्याचा विकास हक्क, म्हणजे टीडीआर, विकत घेऊन मिळवावयाचा. शिवाय राहत्या इमारतीस शेकडा 60 पर्यंत जादा क्षेत्र आहे. तेंही प्रीमियम भरून. तेव्हां ज्याच्या दारांत रुंद रस्ता आणि ज्याच्या तिजोरींत रोकड, त्याची इमारत आकाशास भिडूं शकते. ज्याच्या वाट्यास गांवठाणालगतची गल्ली आली, त्यानें आपल्या भावांच्या आणि पुतण्यांच्या संसारासाठीं आणखी एक मजला चढविला, तर तो गुन्हेगार.

आतां कोणी म्हणेल कीं अरुंद गल्लींत उंच घर नको हें बरोबरच आहे. आम्हीही तेंच म्हणतों. उंचीची हद्द ही मुळांत गरिबाच्या हिताची गोष्ट आहे. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां अंधाऱ्या, कोंदट चाळींत तो कसा माजतो तें सर्वांनीं पाहिलें. 1898 सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें त्या ट्रस्टचे चेअरमन झालेले ऑर साहेब ह्यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. त्याचा अर्थ सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्में तरी मोकळें अंतर मध्यें असावें, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलींतही आकाशाचा उजेड पोहोंचतो. मुंबईच्या 1991 च्या नियमावलींतही असेंच एक सरळ माप होतें. रस्त्याची रुंदी आणि इमारतीपुढची मोकळी जागा ह्यांची बेरीज करावी, आणि तिच्या दीडपटीहून इमारत उंच नसावी. हें माप गवंड्यालाही कळे आणि घर घेणाऱ्यालाही कळे. दोरी घेऊन कोणीही तपासावें.

आजचा नियम म्हणतो, उंच इमारतीच्या बाजूस उंचीचा पांचवा हिस्सा जागा सोडा. आणि ठराविक उंचीनंतर हें अंतर वाढणेंही थांबतें. साठ मीटरांच्या दोन इमारती शेजारीं असल्या, तर दोघींनीं बारा-बारा मीटर सोडून मध्यें चोवीस मीटर होतात. ऑर साहेबांच्या मापानें तीस मीटर लागले असते. शंभर वर्षांपूर्वीं परकी राज्याचा अंमलदार प्लेगाच्या भीतीनें जितकी हवा गरिबास देऊं पाहत होता, तितकी आज आमचें स्वतःचें राज्य पैसेवाल्यालाही देत नाहीं. मग गरिबाची काय कथा !

पण उजेड आणि हवा ही अर्धीच गोष्ट. उंच घराला आणखी तीन वस्तु लागतात : पाणी, रस्ता आणि आगीच्या वेळीं वर पोहोंचणारी शिडी. ह्या तीन वस्तूंचा हिशेब मांडल्यावांचून उंची देणें म्हणजे आडांत नसतां पोहऱ्यांत पाणी येईल अशी आशा धरणें होय.

पाण्याचें घ्या. ठाणें शहराला स्वतःचें एकही धरण नाहीं. घोडबंदर रस्त्यावर टॉवरांमागून टॉवर उठत गेले आणि त्यांच्या दारीं टँकर उभे राहिले. शेवटीं 2017 सालीं मुंबई उच्च न्यायालयास सांगावें लागलें, कीं पाण्याची सोय होईपर्यंत ह्या रस्त्यावर नव्या बांधकामांस परवानग्या देऊं नका. पाणी मोजून परवानगी द्यावी हें न्यायालयानें सांगेपर्यंत नगररचना खात्यास सुचलें नाहीं काय ? कीं सुचलें, पण प्रीमियमच्या पावत्या आड आल्या ? आणि पाणी आणावयाचें कोठून ? तर मुरबाडच्या काळू नदीवर धरण बांधून. तें धरण म्हणजे आदिवासी व शेतकऱ्यांचीं गांवें व रानें पाण्याखालीं. 2012 सालीं उच्च न्यायालयानें तें काम थांबविलें. भातसा, तानसा, वैतरणा हीं मोठालीं धरणें शहापुरच्या बाजूस. मुंबई त्यांचें पाणी पिते, आणि त्याच शहापुर तालुक्यांतील पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर जें पाणी चढतें, तें कोणाच्या तरी विहिरींतून उतरलेलें असतें हें ध्यानांत ठेवावें.

डोंबिवलीजवळच्या संदप गांवची गोष्ट आमच्यानें विसरवत नाहीं. 7 मे 1922 नव्हे, 7 मे 2022. सन मुद्दाम पुन्हां सांगितला, कारण गोष्ट शंभर वर्षांपूर्वींची वाटते. घरांत पाणी पुरेसें येत नाहीं म्हणून एका कुटुंबांतील बाया आणि मुलें धुणें घेऊन दगडाच्या खाणीवर गेलीं. एक मूल पाण्यांत गेलें, त्याला वांचविण्यास दुसरें, मग तिसरें. अशीं एका घरचीं 5 माणसें बुडालीं. ह्या खाणीच्या आसपास, कल्याण-शीळ रस्त्याला लागून, ज्यांच्या जाहिरातींत कारंजीं आणि तलाव असतात असे टॉवर उभे आहेत. एका बाजूला हौसेचा तलाव आणि दुसऱ्या बाजूला धुण्यासाठीं मरणाची खाण ! एकाच महानगरपालिकेच्या सत्तावीस गांवांची ही कहाणी आहे. हीं गांवें पालिकेंत घातलीं, 2002 सालीं काढलीं, 2015 सालीं पुन्हां घातलीं, 2020 सालीं त्यांतलीं अठरा पुन्हां काढण्याचा घाट घातला आणि न्यायालयानें तो मोडला. ह्या चेंडूफळींत गांवांचा कर कोणास पोहोंचला तें वहींत असेल, पण नळ पोहोंचला नाहीं.

रस्त्याचें घ्या. नियम दारापुढचा रस्ता मोजतो. पण दारापुढचा तीस मीटरांचा रस्ता जाऊन मिळतो कोणाला ? कल्याण-शीळ रस्त्याला किंवा घोडबंदर रस्त्याला, जेथें सकाळ-संध्याकाळ गाड्या मुंगीच्या पावलानें चालतात. आणि ज्याच्यापाशीं गाडी नाहीं तो जातो स्टेशनावर. 9 जून 2025 रोजीं मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खालीं पडून प्राणांस मुकले. नवा टॉवर मंजूर करतांना त्यांतली हजार माणसें सकाळीं आठ वाजतां कोणत्या गाडींत उभीं राहतील, हा प्रश्न मंजुरीच्या अर्जांत कोठेंही नाहीं.

शिडीचें तर विचारूंच नका. उंचीची हद्द अग्निशमन खात्याच्या हातीं दिली, हें एका अर्थीं योग्यच झालें. कारण आग विझविणाऱ्यालाच तिची भीति ठाऊक असते. परंतु मग त्या खात्यानें जाहीर सांगावें, कीं आमची शिडी अमुक मीटर पोहोंचते, गाडी अमुक मिनिटांत येते, आणि तिच्या पलीकडच्या मजल्यांसाठीं अमुक व्यवस्था इमारतीच्या आंत आहे आणि ती आम्हीं अमुक तारखेस तपासली आहे. 2006 च्या कायद्यानें आगीची व्यवस्था चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि रहिवाशांवर आहे. पण ज्या सोसायटीला लिफ्टची दुरुस्ती परवडत नाहीं, ती पंप आणि फवारे कशाच्या जोरावर चालूं ठेवणार ? उंच घर घेतांना एकदां पैसे लागतात, पण तें राखण्यास दर महिन्यास लागतात. ही गोष्ट झोपडींतून आणि चाळींतून उंच इमारतींत पाठविल्या जाणाऱ्या आमच्या बांधवांस कोणी आधीं सांगत नाहीं. ठाण्यांत किसननगरास 5 जून 2023 रोजीं समूह पुनर्विकासाची कुदळ मारली गेली. पडक्या इमारतींतल्या माणसाला पक्कें घर मिळावें ह्याला कोण नाहीं म्हणेल ? आमचें म्हणणें इतकेंच, कीं वीस मजल्यांवर नेलेल्या मजुराच्या घरचें लिफ्ट-पंपाचें महिन्याचें बिल कोण भरणार, हें पायाभरणीच्या दिवशींच लिहून द्यावें.

येथवर झाली ज्यांना परवानगी मिळते त्यांची गोष्ट. आतां दुसऱ्या प्रकारच्या उंच घरांकडे वळूं.

4 एप्रिल 2013 रोजीं शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडांत सात मजल्यांची इमारत कोसळली आणि 74 माणसें गाडलीं गेलीं. वरच्या मजल्याचें काम चालूं असतां खालच्या मजल्यांवर मजुरांचीं कुटुंबें राहत होतीं. जागा त्यांची नव्हती, परवानगी नव्हती. पालिकेचे अधिकारी पकडले गेले, भाषणें झालीं, चौकशा झाल्या. सात मजले कांहीं एका रात्रींत उगवत नाहींत. रोज वाळूचा ट्रक येतो, रोज स्लॅब चढतो, रोज कोणीतरी अधिकारी त्या रस्त्यानें जातो. कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणापाशीं मागावी ? ह्या गोष्टीस बारा वर्षें झालीं, आणि जून 2025 मध्यें त्याच शीळ भागांतील 17 बेकायदा इमारती पाडण्याचा हुकूम उच्च न्यायालयास द्यावा लागला. बारा वर्षांत एक तप पुरें होतें. पण ह्या खात्याला कांहीं ज्ञान झालें नाहीं.

कल्याण-डोंबिवलीचें रडगाणें ह्याहून जुनें. उच्च न्यायालयानें नेमलेल्या अग्यार समितीपुढें बेकायदा बांधकामांचा आंकडा आला तो 67,920. समितीचा अहवाल 2009 सालचा. त्यानंतर काय झालें ? डोंबिवलींत 65 इमारती अशा उठल्या, कीं त्यांच्या बिल्डरांनीं महानगरपालिकेच्या खोट्या परवानग्या तयार करून त्यांवर महारेराचे नोंदणी-क्रमांकही मिळविले. 19 नोव्हेंबर 2024 रोजीं उच्च न्यायालयानें त्या तीन महिन्यांत पाडण्याचा हुकूम केला. घर घेणाऱ्यानें सरकारी नोंदणीचा क्रमांक पाहिला, बँकेचें कर्ज घेतलें, सरकारी कचेरींत दस्त नोंदविला, मुद्रांक शुल्क भरलें. ह्याहून अधिक त्यानें काय करावयाचें होतें ? कागद खोटा करणारा बाहेर, कागद न तपासणारा खुर्चींत, आणि कागदावर विश्वास ठेवणारा रस्त्यावर. ह्यालाच चोर सोडून संन्याशास सुळीं देणें म्हणतात.

शिक्षेचें माप पाहिलें म्हणजे सारें कोडें उलगडतें. 1966 च्या नगररचना कायद्यानें बेकायदा बांधकामास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड जास्तीत जास्त 5 हजार रुपये. डोंबिवलींत एका फ्लॅटचे लाखों रुपये घेणाऱ्याला पांच हजारांचा धाक ! आणि कैदेपर्यंत खटला नेतो कोण ?

येथें आमच्या आगरी, कोळी, कुणबी बांधवांसही दोन कडू शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. जमीन तुमची होती. पिढ्यान्‌पिढ्या भात तुम्हीं पिकविला, खाडी तुम्हीं राखली. सरकारनें आराखडे काढले तेव्हां तुमच्या शेतावर आरक्षणाचे रंग पडले, आणि तुमच्या गांवठाणाची हद्द मात्र जेथल्या तेथें राहिली. कुटुंब वाढलें, जागा वाढली नाहीं. मग कोणी बिल्डर आला आणि म्हणाला, 'तुमची जागा, माझा पैसा, अर्धे-अर्धे.' परवानगीचें काय तें मी पाहतों, असेंही म्हणाला. तुम्हीं सही केली. आज त्या इमारतींत राहतो कोण ? सातारचा, जळगांवचा, कोकणचा गिरणींतून आणि कारखान्यांतून थकून आलेला तुमच्यासारखाच कष्टकरी. इमारत कोसळली तर मरणार तो, आणि सातबाऱ्यावर नांव तुमचें म्हणून कोर्टांत उभे राहणार तुम्ही. अर्धे-अर्धे म्हणणारा तोंवर दुसऱ्या गांवीं दुसरी जागा पाहत असतो.

आणि उंचीचा भार प्रत्यक्ष खांद्यावर वाहतो तो मजूर. 10 सप्टेंबर 2023 रोजीं ठाण्यांत बाळकुमला चाळीस मजल्यांच्या इमारतीवरून बांधकामाची लिफ्ट कोसळून 7 कामगार मेले. ती इमारत परवानगीची होती. म्हणजे कायदेशीर उंचींतही मजुराचा जीव स्वस्त, आणि बेकायदा उंचींत तर त्याचें सारें कुटुंबच. ज्या नारायण मेघाजी लोखंड्यांनीं गिरणी-कामगारांस 1890 सालीं आठवड्याची सुट्टी मिळवून दिली, त्यांचा जन्म ह्याच ठाण्याचा. त्या गांवीं कामगार दोरावर लोंबणाऱ्या पिंजऱ्यांत जीव टांगून वर जातो, हें आम्हां सर्वांस लाजिरवाणें आहे.

ह्यावर कांहीं विद्वान म्हणतात, उंचीच्या साऱ्या हद्दी काढून टाका. घरें वाढतील, भाव उतरतील. घोडबंदरला इतके टॉवर झाले, भाव उतरून गिरणी-कामगाराच्या हातीं घर आलें काय ? टॉवर उभारणाऱ्यानें जमिनीचा भाव, प्रीमियम, टीडीआर आणि नफा हें सारें घेणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवलें. दुसरे म्हणतात, बेकायदा तें सारें एका दमांत पाडा. इमारत धोक्याची असेल तर ती रिकामी करावी, त्यांत तडजोड नको. 20 मे 2025 रोजीं कल्याण पूर्वेंत जुन्या इमारतीचा स्लॅब कोसळून 6 माणसें गेलीं, तशी पाळी पुन्हां येऊं नये. पण कुटुंबास रस्त्यावर काढण्यापूर्वीं ज्यानें विकलें त्याची मालमत्ता जप्त करा, ज्यानें डोळे मिटले त्याची पेन्शन रोखा, आणि त्या पैशांतून आधीं त्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर द्या.

आमचें मागणें मोठें नाहीं. उंचीला हद्द असावी, आणि ती पैशानें सरकूं नये. प्रत्येक बांधकामावर मराठींत मोठा फलक असावा. त्यावर मंजूर मजले किती, पाणी कोठून व किती, जवळची शिडी किती मीटरांची आणि परवानगीचा क्रमांक काय, हें लिहावें. प्रीमियमचा पैसा ज्या प्रभागांत उंची दिली, त्याच प्रभागाच्या नळाला, रस्त्याला आणि अग्निशमन केंद्राला लागावा व त्याचा हिशेब दरसाल छापावा. दस्त नोंदविणाऱ्या कचेरीनें पालिकेकडून परवानगी खरी असल्याची खात्री झाल्यावांचून फ्लॅटचा दस्त नोंदवूं नये. आणि गांवठाणांतल्या लहान जागांसाठीं दोन-तीन मजल्यांचे तयार, मजबूत नकाशे पालिकेनें फुकट द्यावे. आजच्या नियमावलींतही 150 चौरस मीटरपर्यंतच्या जागेस सोपी परवानगी आहे. पण ती किती गांवकऱ्यांस ठाऊक आहे? टॉवरसाठीं कचेरींत खास खिडकी असते. शेतकऱ्याच्या पोराला मात्र 'साहेब मिटिंगला गेलेत' एवढेंच ऐकूं येतें.

वाचकहो, सरकार हें सारें आपण होऊन करील अशी आशा धरून बसूं नका. घर घेण्यापूर्वीं नुसती जाहिरात आणि नोंदणीचा क्रमांक पाहून सही करूं नका. चार जण मिळून नगररचना खात्यांत जा, माहितीच्या अधिकारांत परवानगीची प्रत मागा, आणि ती हातीं येईपर्यंत एक पैसा देऊं नका. आपल्या गल्लींत मंजुरीहून एक मजला जास्त चढतांना दिसला, तर 'आपल्याला काय करायचें' म्हणून मान फिरवूं नका. लेखी तक्रार द्या आणि पोंच घ्या. लकी कंपाउंडांत प्रत्येक मजला चढतांना कोणीतरी पाहत होतें. त्यांतल्या एकानें जरी वेळींच अर्ज दिला असता आणि तो अर्ज घेणारा एकजण जरी इमानी निघाला असता, तर त्या 74 जणांतलीं मुलें आज कॉलेजांत असतीं.